पाचवं नाव

१२ जानेवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

मी नक्की काय काम करते, हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. फोनवर सांगायचं तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून सांगावं असं हे काम नाही. म्हणून लिहिते. नावं लिहिणार नाही, गावंही नाही, कारण तसा नियम आहे. एवढं लिहितानाही खिडकी बंद केली आहे. हसू नकोस.

एका भागात लढाई चालू आहे. तिथे शस्त्रं न्यायला बंदी आहे, तरी ती जातात. ती पोचवणाऱ्यांची नावं एका समितीपुढे ठेवायची, हे आमच्या कचेरीचं काम. समितीनं नाव मान्य केलं की त्या माणसाचे बँकेतले पैसे गोठतात, त्याला कुठल्याच देशाची वेस ओलांडता येत नाही आणि कोणी त्याला कामावर ठेवत नाही. ना खटला, ना वकील. म्हणून प्रत्येक नावामागे एक फाइल असते आणि फाइलच्या शेवटी ती तयार करणाऱ्याची सही असते: मी स्वतः तपासलं आहे आणि माझी खात्री आहे.

समितीत अकरा सदस्य आहेत. त्यांच्याकडे नावं पाठवायची आणि पाच दिवस थांबायचं. कोणी काही बोललं नाही तर नाव पक्कं. एकानं जरी हरकत घेतली तर नाव अडतं. कारण सांगायचंही बंधन नाही. मला आधी हे विचित्र वाटलं. गप्प बसणं म्हणजे होकार, हे आपल्या घरात फक्त आजोबांच्या बाबतीत चालायचं.

या वेळी पाच नावं जायची आहेत. चार दुसऱ्यांनी तयार केलीत, पाचवं माझं आहे. माझं पहिलंच. तो बंदरावर कंटेनरला सील ठोकणारा माणूस आहे. ‘पंपांचे सुटे भाग’ असं लिहून बंदुका भरलेले सतरा कंटेनर गेले आणि सतराही कंटेनरच्या कागदांवर त्याची सही आहे. एकदा नाही आत्या, सतरा वेळा! माझ्या टेबलावर एक फोटो आहे. शाळेची खोली. भिंतीत लहान मुलांच्या उंचीला ठोकलेल्या खुंट्या, आणि त्यांच्या वर वीतभर अंतरावर गोळ्यांच्या भोकांची ओळ. रोज सकाळी मी तो फोटो बघते आणि मग त्या माणसाची सही बघते. सुबक, वळणदार सही आहे. माल बघून, सील ठोकून, अशी सही करून हा माणूस घरी जाऊन जेवत असेल, या विचारानं माझं डोकं फिरतं.

फाइल चार वेळा लिहून काढली. आमचे मुख्य (त्यांना सगळे पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणतात, त्यांचा सदरा दिवसभरात कधी चुरगळत नाही) म्हणाले की इतकी नेटकी फाइल त्यांनी वर्षात पाहिली नाही. तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

कानाचं औषध घेतेस ना? लोभ आहेच, तो असाच राहू दे, आणि उत्तर लवकर येऊ दे.

तुझी,
खोडरबर


२० जानेवारी

चि. खोडरबर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चहा पिता पिता वाचायला घेतलं. चहा गार झाला आणि मी तापले. इस्त्रीसाहेबांना माझा नमस्कार सांग आणि विचार की त्यांनी आयुष्यात कधी कंटेनर भरताना पाहिला आहे का. तू पाहिला नाहीस हे मला ठाऊक आहे.

आता नीट ऐक. माल भरताना उघड्या दारापाशी दोघं उभे असतात. एक मुकादम, दुसरा माल पाठवणाऱ्याचा माणूस. आत काय काय गेलं ते एका पिवळ्या कागदावर लिहून दोघं सह्या करतात. मग दार लागतं, अडसर पडतो. आणि त्यानंतर हाक जाते सीलवाल्याला. तो येतो, कडीत तार ओवतो, शिसं पकडीनं दाबतो, त्याच पिवळ्या कागदाच्या तळाशी सीलचा नंबर लिहितो. नंबर त्याच्या नावावर असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक कागदावर सहीही त्याचीच लागते. तो आत बघू शकत नाही. दार उघडं असताना सीलवाला जवळ दिसला तर मुकादम शिव्या घालून हाकलतो. तू सतरा सह्या मोजल्यास. त्याचा अर्थ एवढाच की तो सतरा वेळा बंद दारासमोर उभा होता.

मला कसं ठाऊक, असं तुझं शंकेखोर डोकं विचारेल. माझा उजवा अंगठा चपटा आहे, लहानपणी तू तो दाबून बघायचीस. जन्मतःच तसा आहे असं तुला सांगितलं होतं. तो पकडीनं झाला आहे. आपल्या घरी मी ‘कचेरीत’ आहे असं सांगायची रीत होती, कारण तुझ्या आजोबांना लेक मालधक्क्यावर शिसं दाबते असं चारचौघांत सांगायला लाज वाटायची. एकतीस वर्षं मी सील ठोकले आहेत, बाई. तुझा तो डोकं फिरवणारा माणूस म्हणजे मी.

आणि माझी सहीही सुबकच होती. दुसरं काही मनासारखं करायला मिळायचं नाही, म्हणून सही तरी नीट करायचे.

त्याला संशय आला नसेल का? आला असेल. मलाही कधी कधी यायचा. पेटीला शोभणार नाही इतकं वजन, घाईनं लावलेलं दार. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी आली असती. त्या एकतीस वर्षांत मी कशाकशाची दारं बंद केली असतील, हे आता दुपारी पडल्या पडल्या आठवतं आणि उठून बसावं लागतं. तेव्हा तो धुतल्या तांदळासारखा आहे असं मी म्हणत नाही. पण साऱ्या जगातून पाच माणसं निवडायची, आणि त्यात तो?

पिवळे कागद कुठे आहेत ते बघ. त्यावर सही कोणाची आहे ते बघ. तुझ्या नाकाखालचा कागद आहे तो. दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत तू शाळेत गेली नाहीस, मीच घरी शिकवलं. तेव्हा तू पाठकोऱ्या कागदांवर अक्षरं गिरवलीस ना? ते रद्दीत निघालेले पिवळे कागदच होते. इतकी वर्षं मागच्या बाजूला लिहीत होतीस, उलटून पुढे काय आहे ते कधी वाचलं नाहीस.

औषध घेते. गुण येत नाही. माया आहे म्हणून रागावते, हे तुला ठाऊक असावं.

तुझी,
आत्या


२९ जानेवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीतल्या जिन्यात उभ्यानं वाचलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. तुझा अंगठा डोळ्यांसमोरून हलत नाही.

पिवळे कागद सापडले. सांगायची लाज वाटते. तपासनीसांनी बंदरावरून आणलेल्या कागदांची वर्गवारी मीच केली होती. माझ्याकडे सगळ्या छायाप्रती, त्यात पिवळा रंग कुठून दिसणार? एक गठ्ठा मला निरुपयोगी वाटला. त्यावर मी माझ्याच अक्षरात ‘इतर’ असं लिहून तो कपाटाच्या तळाला ठेवला होता. सतरा कंटेनरांपैकी चौदांचे भरणीचे कागद त्यात आहेत. मुकादम वेगवेगळे आहेत. माल पाठवणाऱ्याचा माणूस म्हणून चौदाही ठिकाणी एकच सही आहे. आणि ती कोणा कारकुनाची नाही, बंदुकांच्या खुद्द दलालाची आहे.

या दलालाचं नाव आम्हाला नवं नाही. बंदुका विकत घेतो तो, गिऱ्हाईक शोधतो तो, जहाज ठरवतो तो. साक्षीदार सगळे त्याचंच नाव घेतात. पण कागदावर त्याची सही कुठेच सापडत नाही, म्हणून दर वेळी त्याचं नाव गळतं. भरणीच्या वेळी मात्र त्याचा कोणावर विश्वास नसावा. स्वतः येऊन उभा राहायचा. आणि सहीशिवाय मुकादम दार लावू देत नसणार.

मी धावत इस्त्रीसाहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले की पाच नावं येणार हे प्रवक्त्यांनी पत्रकारांना आधीच सांगून टाकलंय, तेव्हा आता चार देता येणार नाहीत. मी म्हटलं की पाचच देऊ, सीलवाला काढून दलाल घालू. त्यावर ते हसले. म्हणाले की दलालाचं नाव यापूर्वी दोनदा पाठवलं होतं आणि दोन्ही वेळा तासाभरात अडलं. त्याचे मित्र मोठे आहेत. सीलवाल्यासाठी मात्र अकरांपैकी कोणीही तोंड उघडणार नाही, त्याचं नाव सरळ पार होईल.

आत्या, कळलं का तुला? त्यानं सर्वांत जास्त केलंय म्हणून त्याचं नाव नाही. त्याच्यासाठी बोलणारं कोणी नाही म्हणून आहे! मी हे बोलून दाखवलं, आवाजही चढला. तेव्हा साहेब म्हणाले की सीलवाला दार लागल्यावरच येतो याला पुरावा काय, आणि कोणाची आत्या म्हणते हा पुरावा होत नाही. आमच्या छायाप्रतींची खालची पट्टी कापली गेली आहे. तिथेच सूचना छापलेल्या असाव्यात. हा फॉर्म सगळ्या बंदरांवर एकाच नमुन्याचा असतो का? तुझ्याकडे एखादा अख्खा कागद उरला आहे का? असेल तर लगेच पाठव.

फाइलवर सही माझी आहे. मला खात्री आहे असं मी लिहून दिलंय. दोन दिवस जेवण जात नाही. लोभ कमी करू नकोस, आत्ता मला त्याची गरज आहे.

तुझी,
खोडरबर


६ फेब्रुवारी

चि. खोडरबर हिस,
अनेक आशीर्वाद.

फॉर्म सगळीकडे एकच असतो. सोबत एक पाठवते. तुझ्या वह्यांच्या ट्रंकेत तळाशी होता. मागच्या बाजूला तुझा ‘ळ’ आहे, चाळीस वेळा काढलेला. एके ठिकाणी खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. तुझं नाव त्याच दिवशी पडलं. ती बाजू साहेबांना दाखवायची लाज वाटून घेऊ नकोस. पुढच्या बाजूला खाली वाच. सीलच्या रकान्याशेजारी स्वच्छ छापलंय: दार लावल्यानंतर भरावे. त्याच्या खाली: सील लावणाऱ्याने आतील माल पाहिलेला नाही. सरकारनं स्वतः छापलेलं आहे. आत्याचं म्हणणं पुरावा नसेल, सरकारचं तरी असेल.

पाच सांगितले म्हणून पाच हवेत, हे वाचून मी घरात मोठ्यानं ओरडले. मला ऐकू आलं नाही, पण शेजारीण विचारायला आली. माणसं आहेत का वांगी, पाव किलोला एक कमी पडतं म्हणून जे हाताला लागेल ते टाकायला?

एक जुनी गोष्ट सांगते. कपाटाची काच फुटली होती ते आठवतं का? मी आले तेव्हा तुझा हात रक्तानं भरला होता. मी काही विचारलं नाही, तुला कोपऱ्यात उभं केलं. काच तुझ्या चुलतभावानं फोडली होती, चेंडूनं. तू कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून काचा उचलत होतीस. तो चेंडू घेऊन केव्हाच पसार झाला होता. हे मला आठ दिवसांनी कळलं आणि मी तुला कधी बोलले नाही. मोठ्या माणसानं चूक कबूल केली की धाक राहत नाही, असं तेव्हा वाटायचं. आज कबूल करते. ज्याच्या हाताला रक्त दिसलं त्याला मी धरलं. तू तसं करू नकोस.

जेव. रिकाम्या पोटी भांडता येत नाही. आशीर्वाद आहेच, पण तो भरल्या पोटीच लागू पडतो.

तुझी,
आत्या


२६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

झालं ते सांगते. फार थकले आहे, पण आजच लिहायचं आहे.

कागद मिळाला त्या दिवशी मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी आधी नेमकी ‘ळ’ची बाजू वर केली आणि हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की माझा अभ्यास. मग उलटून वाचलं. बराच वेळ वाचलं, दोनच ओळी होत्या. शेवटी म्हणाले की कागद बरोबर आहे, पण आता उशीर झालाय. पुढच्या वर्षी यादीचा फेरविचार होतो, तेव्हा हा मुद्दा मांडता येईल. मी विचारलं की तोपर्यंत तो माणूस काय खाईल. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

सोळा तारखेला पाचही नावं सदस्यांकडे गेली, सीलवाल्यासकट. पहिला दिवस गेला, कोणी बोललं नाही. दुसरा दिवस गेला. इतकी शांत कचेरी मी कधी पाहिली नव्हती. जो तो आपलं काम करत होता आणि त्या शांततेत एक माणूस बुडत होता. हरकत घ्यायचा अधिकार मला नाही, मी सदस्य नाही. माझ्या हातात एकच गोष्ट होती. नियमांचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं, तळटिपांसकट. तयार करणाऱ्याची सही नसलेली फाइल समितीपुढे राहू शकत नाही, असं तिथे लिहिलंय. सही काढून घेता येते की नाही हे लिहिलेलं नाही. कोणी कधी घेतलीच नसावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चार ओळी लिहिल्या. माझी खात्री होती ती चुकीची होती. चूक माझी आहे. सही परत घेते. कारण सोबत जोडलं आहे. आणि तुझ्या पिवळ्या कागदाची दोन्ही बाजूंची प्रत जोडली. एकच बाजू जोडणं खोटेपणा वाटला असता. अर्ज आवक-टेबलावर दिला, तेव्हा शिक्का मारणाऱ्या बाईंनी तो वाचला आणि पाण्याचा पेला पुढे केला.

साहेबांचा सदरा पहिल्यांदा चुरगळलेला पाहिला. ते म्हणाले की मी कचेरीची अब्रू घालवली. मी म्हटलं की ज्याची परवा जाणार होती त्याची राहिली. असं मी कधी कोणाला बोलले नव्हते. नंतर प्रसाधनगृहात जाऊन रडले, ते वेगळं.

सीलवाल्याची फाइल परत आली. त्याचं नाव आता कुठेच नाही. यातलं त्याला काहीच कळणार नाही. आजही तो तार ओवत असेल.

पाचवी जागा रिकामी पडली, म्हणून नाइलाजानं दलालाचं नाव चौदा कागदांसह पाठवलं गेलं. काल. चाळीस मिनिटांत अडलं. कोणी अडवलं ते सांगत नाहीत, का अडवलं तेही नाही. चौदा ठिकाणी सही करणाऱ्याला वाचवायला एक हात वर होतो, आणि त्या हाताला नावसुद्धा नसतं! चौदा कागदांचा गठ्ठा कोणी उघडलाही नाही, दोरी मी बांधली होती तशीच परत आली.

एक तारखेपासून माझी बदली दप्तरखान्यात आहे. तळघर आहे, खिडकी नाही. दम्याला बरं नाही हे मलाही माहीत आहे, तेव्हा तू ते लिहू नकोस. बाकी जे वाटेल ते लिही, पण लिही.

तुझी,
खोडरबर


५ मार्च

चि. खोडरबर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग पकड काढली. निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहून गेली होती, खरं तर केली नाही. पुसून खिडकीत ठेवली आहे. आता कोणी विचारलं तर मी कुठे कामाला होते ते नीट सांगणार आहे.

दप्तरखाना वाईट नाही. मालधक्क्यावर आम्ही ज्यांना कोपऱ्यात बसवायचो, त्यांनाच कुठला कागद कुठे आहे हे ठाऊक असायचं. तुला पुस्तक तळटिपांसकट वाचायची खोड आहे, तर दप्तरखान्याचं पान वाचलंस का? नसेल तर वाच. आणि आठवड्यातून दोनदा वर येऊन उन्हात उभी राहा. दम्याबद्दल लिहू नकोस म्हणालीस म्हणून उन्हाबद्दल लिहिलं.

तुझा अभिमान वाटतो. एकदाच लिहिते, जपून ठेव.

तुझी,
आत्या


४ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

दप्तरखान्याचं पान मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी पुन्हा नीट वाचलं होतं. तुला मुद्दाम कळवलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

तिथे असं आहे. एकदा घेतलेली हरकत नव्वद दिवसांनी आपोआप गळते. त्या दिवशी सगळ्या सदस्यांना स्मरणपत्र पाठवायचं काम दप्तरखान्याचं, आणि ते गेलं की पाच दिवस पुन्हा मोजायचे. आजवर ते कोणी पाठवत नव्हतं, म्हणून अडलेली नावं धूळ खात पडून राहायची. आणि गळलेली हरकत पुन्हा घ्यायची असेल तर कारण लिहावं लागतं, सहीनिशी.

नव्वदाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी स्मरणपत्र पाठवलं. पिवळ्या कागदावर. रंगाबद्दल नियमात काही नाही, मी बघितलं.

चार दिवस कोणी हललं नाही. पाचव्या दिवशी दुपारी हरकत आली. या वेळी खाली सही आहे, कोणत्या सदस्याची ते आता सगळ्यांना दिसतं. कारण एका ओळीचं आहे: पुरेशी माहिती नाही, अधिक माहिती मिळावी. वाचून आधी संताप आला. चौदा कागद दोरीसुद्धा न सोडता परत पाठवणारे हेच, आणि माहिती नाही म्हणून ओरडणारेही हेच! मग पुस्तकाचं पुढचं पान उलटलं. सदस्यानं माहिती मागितली तर ती दप्तरखान्यानं पुरवायची. आणि एकट्या त्याला नाही, अकराही जणांना, एकाच वेळी.

काल दिवसभर प्रती काढल्या. चौदा गुणिले अकरा. वर तुझा कागद, म्हणजे वाचणाऱ्याला रकाने कळावेत. शिक्का मारणाऱ्या बाई खाली येऊन मदतीला बसल्या, दोऱ्या बांधत होत्या. आज सकाळी अकरा गठ्ठे अकरा टेबलांवर गेले. वरच्या बाजूला मी लिहिलं आहे: सदस्यांच्या विनंतीवरून. शेजारी हरकत घेणाऱ्या सदस्याचं नाव, त्याच्या सहीत होतं तसंच.

इस्त्रीसाहेब जिन्यात भेटले. हे मला कोणी शिकवलं, असं विचारलं त्यांनी. मी सांगितलं की आमच्या घरी मालधक्क्यावर सील ठोकणारी एक बाई होती, तिनं.

माहिती पोचली की ती हरकत संपते, आणि पाच दिवस पुन्हा उद्यापासून मोजायचे. आज वर जाऊन उन्हात उभी राहिले होते. लोभ वाढवायला जागा उरली असेल तर वाढव, नसेल तर आहे तेवढा पुरतो.

तुझी,
खोडरबर